एका नळीतली पाच माणसं

चहा अजून गाळलाही नव्हता, आणि दाजींनी दारातूनच भांडण काढलं.

"काय मेहुणे, आज किती लिहिणार? आठ की नऊ? की मनाला येईल ते?"

दाजी म्हणजे कारकुनाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारात त्यांचं चपलांचं दुकान. साथीमुळे बाजार चार महिने बंद होता, आणि दुकानदार माणसाला घरात कोंडलं की तो दुसऱ्याच्या घरी जाऊन भांडतो. दाजी रोज सकाळी यायचे, पायरीवर बसायचे, मास्क हनुवटीवर उतरवायचे आणि जगातल्या सगळ्या खोटारड्यांची हजेरी घ्यायचे. त्या हजेरीत पहिलं नाव मेहुण्याचं. कारण मेहुणा आरोग्य कार्यालयात कारकून होता. शहरात आज किती जणांना लागण झाली तो आकडा रोज संध्याकाळी पाच वाजता कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर तोच लिहायचा.

"शिंपीकाकांचं ऐकलंस ना?" दाजी म्हणाले.

"ऐकलं."

"परत ऐक. तुमच्या ऑफिसातून फोन गेला, तुम्ही पॉझिटिव्ह. म्हातारा मागच्या खोलीत कोंडला. ताट दाराबाहेर ठेवायचं, सून लांब पळायची. माणूस ठणठणीत! चौथ्या दिवशी मुलानं बाहेरच्या लॅबमध्ये नेऊन तपासलं, तर निगेटिव्ह. माणूस एक, घसा एक, मग रिपोर्ट दोन कसे?"

"मशीनचं मला काय विचारता, दाजी? माझ्याकडे कागद येतो, मी मोजतो."

"बरं झालं, मला नाही चिकटवलंत. रांगेत मी त्यांच्या पाठीलाच होतो. मला फोन नाही आला. फोन नाही म्हणजे निगेटिव्ह." दाजी दोनदा खोकले. "परवापासून घसा धरलाय."

"बोलणं कमी करा मग," कारकुनाची बायको आतून म्हणाली. दाजी हसले, पण लगेच गंभीर झाले.

"आज सातवा दिवस आहे. दहाच्या वर जाऊ नकोस रे. लेडीज चपलांवर बुरशी चढलीय. काळ्या बुटांवरही चढली असेल, दिसत नाही एवढंच. तुझ्या बहिणीच्या घराकडे बघ जरा."

नियम असा होता, की सलग सात दिवस आकडा दहाच्या आत राहिला तर सोमवारी बाजार उघडायचा. सहा दिवस झाले होते. नऊ, आठ, सात, नऊ, सहा, आठ. सगळं शहर त्या फळ्याकडे डोळे लावून बसलं होतं, आणि त्याच शहरातला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगत होता की हा आकडा खोटा आहे. आठवून बघा, नागरिकहो, तुम्ही-आम्हीही हेच बोलत होतो. आकडा कमी आला की म्हणायचो, लपवतात. जास्त आला की म्हणायचो, फुगवतात. चाचणी कशी करतात हे बघायला मात्र आपल्यातला एकही माणूस उठून गेला नव्हता. ओट्यावर बसून अक्कल पाजळायला तिकीट लागत नाही.

कारकुनाला या बोलण्याचा राग यायचा, कारण तो मनापासून नेकीनं काम करायचा. त्याचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्याला अभिमान होता. साथीच्या सुरुवातीला एकेका रोग्याची दोन-तीनदा तपासणी व्हायची, आणि एकच माणूस तीनदा मोजला जायचा. वर्तमानपत्रानं ऑफिसची अब्रू चव्हाट्यावर मांडली. साहेबांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "एकदा आलेला नंबर पुन्हा मोजायचा नाही." तेव्हापासून कारकून लाल पेन घेऊन बसायचा. कागदावर जुना नंबर परत दिसला, की एक सरळ लाल रेघ. पट्टी लावून. त्यानंतर एकही नंबर त्यानं दोनदा मोजला नव्हता.

त्या दिवशी अकराच्या सुमारास त्यानं लाल पेनाचं टोपण काढलं आणि समोर बाई येऊन उभ्या राहिल्या.

बाई म्हणजे तपासणीच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या. नाकावर मास्कचा काळपट वळ, हातांची कातडी सॅनिटायझरनं सोललेली, काखेत जाड वही.

"आकडेशास्त्री," त्या म्हणाल्या, "काल चार महिन्यांत पहिल्यांदा उजेडात घरी निघाले, म्हणून तुमचा फळा दिसला. त्यावर आठ लिहिलं होतं. कुठले आठ?"

"तुमच्याच कागदावरचे, बाई. आठ पॉझिटिव्ह."

"त्या आठ नळ्या आहेत."

"म्हणजे आठच ना?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. "अहो, किट कमी पडले म्हणून मागच्या आठवड्यापासून पाच माणसांचे नमुने एकाच नळीत घालतो आम्ही. नळी निगेटिव्ह आली तर पाचही जण सुटले, पाच किटांचं काम एकात झालं. नळी पॉझिटिव्ह आली, तर दुसऱ्या दिवशी त्या पाचांची वेगवेगळी तपासणी करतो आणि नावांचा दुसरा कागद तुम्हाला पाठवतो. परिपत्रक काढलं होतं. वाचलंत ना?"

कारकुनानं डावीकडच्या फायलीकडे पाहिलं. फायलीवर त्याच्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'वाचायचे'. फाईल वीतभर जाड होती.

"दुसरा कागद येतो," तो सावकाश म्हणाला. "पण त्याच्यावर नळीचा नंबर तोच असतो."

"मग?"

"जुना नंबर आला की मी खोडतो."

बाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. "आणि फोन कुणाला करता?"

"पहिल्या कागदावर नळीपुढे नाव असतं, त्याला."

"त्या रकान्यात एकच नाव मावतं. रांगेत जो पहिला उभा, त्याचं नाव ते. आजार त्याला असेल किंवा त्याच्या मागच्या चौघांतल्या कुणालाही. सगळ्यांनाही असेल, कारण घरची माणसं रांगेत एकामागं एकच उभी राहतात. एका नळीत एक घर."

कारकुनानं लाल पेनाला टोपण लावलं. तरी माणूस पटकन हार मानत नाही. तो म्हणाला, "पण बाई, लोक म्हणतात मशीनच बोगस आहे. शिंपीकाकांना आधी पॉझिटिव्ह, मग..."

"लोक म्हणतात ना? चला. उठा. मशीन बघा एकदा."

लॅब त्याच आवारात होती, त्याच्या टेबलापासून शंभर पावलांवर. चार महिन्यांत तो तिथं गेला नव्हता. पूर्वी ती जुनं सामान ठेवायची खोली होती. आता तिथं काचेच्या कपाटात हात घालून दोन मुली काम करत होत्या. पावसाच्या थेंबाहूनही कितीतरी लहान थेंब एका नळीतून उचलून दुसऱ्या नळीत सोडत होत्या. कुणी बोलत नव्हतं. थेंब सोडताना त्या श्वास रोखत होत्या, हे त्याला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. दिवसाला पाचशे वेळा रोखलेला श्वास. आणि बाहेर ओट्यांवर लोक म्हणत होते, बसल्या बसल्या काहीतरी लिहितात.

कोपऱ्यात चहाच्या पेटीएवढं एक यंत्र गुणगुणत होतं. बाईंनी त्याला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर तळाशी आडव्या सपाट रेघा होत्या.

"नळीत त्या विषाणूचा एक तुकडा जरी असला, तरी हे यंत्र त्याचे दोन करतं," बाई म्हणाल्या. "दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे किती होतात, सांगा, आकडेशास्त्री?"

त्याचा आयुष्यभराचा धंदा आकड्यांचा. त्यानं मनात दुप्पट करायला सुरुवात केली आणि वीसच्या पुढे थांबला.

"शंभर कोटींच्या वर," बाई म्हणाल्या. "जे कुणालाच दिसत नाही, ते मोजता येण्याइतकं होतं. नसेल, तर शून्याची दुप्पट शून्यच. रेघ सपाट राहते. आता बघत बसा."

तो बघत बसला. एकविसावी फेरी. बाविसावी. सपाट. चोविसाव्याला एका रेघेनं किंचित मान उचलली. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. पंचवीस, सव्वीस, आणि मग ती रेघ चढायला लागली. कुणी ढकलत नव्हतं, कुणाची ओळख नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. बाकीच्या रेघा तशाच पडून होत्या आणि ही एकटी वर वर जात होती. लहानपणी पहिल्यांदा रात्रीच्या आकाशाकडे मान वर करून पाहिलं होतं, त्यानंतर इतकं लहान आपल्याला कधी वाटलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. इथं एवढं मोठं खरं घडत होतं, आणि त्याच्यावर तो शंभर पावलांवर बसून पट्टी लावून रेघ मारत होता.

"हे कधी चुकत नाही?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"चुकतं ना. मी काय ते चुकत नाही म्हणून सांगायला बसले नाही. सकाळी पेरून संध्याकाळी उगवलं का म्हणून बघायला गेलात, तर काय दिसणार? तसा लागण झाल्या झाल्या कुणी आला, तर सुटतो. नमुना नीट घेतला नाही, तर सुटतो. म्हणून शंका असेल तर परत तपासायचं. पण चाचणी कुठं चुकते ते मला ठाऊक आहे, आणि ते मी सांगते. जो आपली चूक कुठं असते ते सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा. मी कधीच चुकत नाही म्हणणाऱ्यापासून लांब राहायचं. तुमची ती लाल रेघ कधी चुकली नव्हती ना?"



बाईंनी वही उघडली. "चौदा नंबरची नळी. शिंपीकाकांची. ही पाच नावं."

पहिलं शिंपीकाकांचं. पुढे निगेटिव्ह. दुसऱ्या ओळीत ओळखीचं आडनाव होतं. वय एकावन्न. पत्त्याच्या जागी ताईच्या घराचा पत्ता. पुढे, पॉझिटिव्ह.

कारकून धावत टेबलाशी गेला. खोडलेल्या कागदांतून तो कागद काढला. दाजींच्या नावावर त्याचीच लाल रेघ होती. सरळ, पट्टी लावून मारलेली. ही रेघ मारताना त्यानं नंबर वाचला होता. नाव वाचलं नव्हतं.

त्यानं तिथूनच फोन लावला.

"दाजी, तुम्ही पॉझिटिव्ह आहात. पाच दिवसांपासून. तुमच्या आईंच्या खोलीत जाऊ नका. ताईला लांब ठेवा. गाडी पाठवतोय."

पलीकडून दाजींचा खोकला आला.

"पाच दिवस आईचे पाय चेपतोय मी," दाजी म्हणाले. "मला फोन का नाही आला?"

"मी खोडलं, दाजी. माझ्या हातानं."

फोन बंद झाला.

मग तो आणि बाई वही आणि कागद समोरासमोर ठेवून बसले, आणि नळीमागून नळी उघडत गेले. सहा दिवसांच्या सत्तेचाळीस नळ्या. त्यांत खरे पॉझिटिव्ह एकशे बारा. फोन गेलेल्या सत्तेचाळीसपैकी सव्वीस जणांना आजार नव्हताच, ते फुकट कोंडले गेले होते. आणि एक्क्याण्णव माणसं, आपल्याला फोन आला नाही म्हणजे आपण निगेटिव्ह, असं समजून शहरात फिरत होती. आकडा दहाच्या आत आला होता तो साथ ओसरली म्हणून नाही. किट कमी पडले म्हणून.

तीन वाजता दोघं साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी सगळं ऐकलं. दार लावून घेतलं.

"एक्क्याण्णव जणांना फोन करा. लगेच करा," ते म्हणाले. इथपर्यंत माणूस चांगला होता. "पण फळ्यावर हे लिहायचं नाही. आज नऊ लिहा. सोमवारी बाजार उघडू दे, मग हळूहळू वाढवत नेऊ. एकदम सांगितलं तर लोकांचा विश्वास उडेल."

"साहेब, विश्वास आहे कुठं उडायला?" कारकून म्हणाला. "माझे दाजी रोज पायरीवर बसून मला खोटारडा म्हणतात. आज ते खरं ठरलं."

"आणि बाजारात काय होईल?" बाई शांतपणे म्हणाल्या. "यंत्रात एकाचे दोन होतात, तसे बाहेरही होतात. बाहेरची फेरी आपल्याला थांबवता येत नाही. लपवता येईल, ती फक्त पंधरा दिवस. नंतर दवाखान्याच्या दारात लोक स्वतःच मोजतील."

"फळ्याला हात लावलास तर मेमो देईन," साहेब कारकुनाला म्हणाले.

कारकून फळ्याकडे निघाला. हा काही शूर माणूस नव्हता. जन्मात कुणाला उलटून बोलला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर ताईचं घर होतं. चार महिने मिळकत नाही, दुकानाला बुरशी, आणि आता हा खडू फळ्यावर टेकला की दुकानाचं कुलूप आणखी घट्ट होणार. नऊ लिहिलं तर निदान दुकान उघडेल. दाजी दवाखान्यात असले तरी ताई उघडेल. आकडा फक्त एक रेघ आणि एक गोल असतो, त्यानं काय होतं? असं वाटायला एक क्षण पुरतो. आपल्या सगळ्यांना तो क्षण ठाऊक आहे. देश अशाच क्षणांनी बुडतात, सह्या आणि खडूंनी.

आजच्या नळ्यांतली माणसं बाईंनी उरलेल्या किटांवर त्याच दुपारी वेगवेगळी तपासून घेतली होती. पाच वाजता फळ्यासमोर शे-दीडशे माणसं लांब लांब उभी होती. त्यानं कालचा आठ पुसला आणि लिहायला सुरुवात केली.

आज : एकोणीस.
मागच्या सहा दिवसांत लिहिलेले : सत्तेचाळीस. खरे : एकशे बारा.
चाचणी खोटी नव्हती. मोजणी चुकली. मोजणारा मी.
फोन आला नाही म्हणजे निगेटिव्ह, असं समजू नका. येऊन विचारा.

खडू ठेवला आणि तो लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आता दगड येईल असं त्याला वाटलं होतं.

दगड आला नाही. चार महिने ज्या फळ्याला त्यांनी शिव्या घातल्या, त्या फळ्यानं आज पहिल्यांदाच तोंड उघडून 'माझं चुकलं' म्हटलं होतं, आणि हे ऐकायची सवय कुणाच्याच कानांना नव्हती.

शेवटी मागून एक जण म्हणाला, "आधीचे खोटे होते, तर आजचे खरे कशावरून?"

"माझ्या शब्दावरून तर मुळीच नाही," कारकून म्हणाला. "नावं सोडून सगळी मोजणी भिंतीवर लावतो. लॅबच्या खिडकीला काच आहे. पाच-पाच जण या, लांबून बघा. यंत्र बघा, नळ्या बघा, माझ्यामागं बसून मोजा."

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. शिंपीकाका. "म्हणजे रिपोर्ट खरा होता, पण माझा नव्हता?"

"हो, काका. नळीचा होता. तुम्हाला फुकट कोंडलं. माफ करा."

शिंपीकाकांनी फळ्याकडे पाहिलं. "पन्नास वर्षं मापं घेतली मी. एकाचं माप पाच जणांना लावलं तर शर्ट कुणाला बसेल? एवढी साधी गोष्ट, आणि आम्ही चार महिने कात्रीला शिव्या देत बसलो." मग ते वळून लोकांना म्हणाले, "चला, कोण येतंय? मी बघतो आधी."

काचेपाशी तो म्हातारा कितीतरी वेळ उभा होता. आत एक रेघ चढत होती. त्यानं आपली टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी कारकून ऑफिसला निघाला, तर रस्त्याच्या वळणापासूनच माणसं उभी होती. त्याला वाटलं, मोर्चा आला. जवळ गेल्यावर कळलं, तपासणीची रांग होती. कुणी हुकूम काढला नव्हता, दवंडी पिटली नव्हती. चार महिने ज्यांना हात धरून ओढत आणावं लागत होतं, ती माणसं सकाळी सातला, हातभर अंतर सोडून, गुपचूप उभी होती. वळणाच्या पलीकडेही रांग जातच होती. तिचं टोक दिसत नव्हतं. कारकून रस्त्यातच थांबला. काल त्यानं शहराला सांगितलं होतं की माझी मोजणी चुकली, आणि शहर आज येऊन विश्वास ठेवत होतं. हे गणित त्याला सुटलं नाही. अजूनही सुटत नाही.

आता गोड शेवट हवा असेल, तर तो पूर्ण मिळणार नाही. दाजी वाचले, त्यांच्या आई अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून घरी आल्या. पण त्या एक्क्याण्णवांतली दोन माणसं गेली. कारकून दोन्ही घरी गेला. एका घरानं दार उघडलं नाही. दुसऱ्या घरातल्या बाईनं उंबऱ्यातूनच एकच विचारलं, "एक फोन केला असतात तर?" अशा प्रश्नाला उत्तर नसतंच, म्हणून तर तो प्रश्न येण्याआधी काम नीट करायचं असतं. मेमोही आला. तो त्यानं 'वाचायचे' या फायलीत ठेवला नाही. ती पूर्ण फाईल त्यानं त्याच आठवड्यात वाचून संपवली होती. मेमो त्यानं टेबलाच्या काचेखाली ठेवला, आणि त्याच्या शेजारी लाल रेघ मारलेला तो कागद.

बाजार आणखी एक महिना बंद राहिला. या महिन्यात कुणी ओट्यावर बसून आकडा खोटा म्हटला, की दुसरा त्याला म्हणायचा, "जा की काचेपाशी." बोलणारा गप्प बसायचा किंवा खरंच जायचा. दोन्ही चांगलंच.

दवाखान्यातून दाजींचा पहिला फोन आला तो नवव्या दिवशी. आवाज बसलेला, धाप लागलेली.

"मेहुणे, आज किती?"

"चोवीस."

"नंबर मोजलेस?"

"नाही दाजी. नावं वाचली. एकेक."

"मग चोवीसच असतील," ते म्हणाले.

नागरिकहो, शंका घेणं हा गुन्हा नाही. शंका घेऊन घरात बसून राहणं हा गुन्हा आहे. आकडा खोटा वाटला तर उठा, काचेपाशी जा, मोजणाऱ्याला विचारा. आणि तुम्हीच मोजणारे असाल, तर चूक सापडेल त्या दिवशी, त्याच फळ्यावर, तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. लोक खरं ऐकून पळून जातात, असं आपल्याला खुर्च्यांवर बसलेल्यांनी सांगितलं. रांग मात्र वळणाच्या पलीकडे गेली होती.